काठावरून बास: मिशिगनच्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्यांसाठी

मिशिगनमध्ये 11,000 हून जास्त तळी आहेत. नोव्हाय, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स अशा डेट्रॉइटच्या आसपासच्या आपल्या वस्त्यांतून गाडी काढली की कुठलं ना कुठलं पाणी लागतंच. तरी बहुतेकांची समजूत अशी की बास, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, धरायचा तर बोट पाहिजे. मग बोट नसलेला माणूस काठावर उभा राहून अंगातलं सगळं बळ लावतो आणि तळ्याच्या मध्याकडे गळ भिरकावतो. त्याच वेळी बोटवाला तळ्याच्या मध्यावरून काठाकडे फेकत असतो. या दोघांत बोटवाला शहाणा.

कारण सरळ आहे. पाणवनस्पती उगवतात त्या जिथवर तळाशी उजेड पोचतो तिथवरच, म्हणजे काठालगतच्या पट्ट्यात. त्यांच्या आडोशाला ब्लूगिल या छोट्या चपट्या माशाची पिल्लं, बारीक मासे, बेडूक आणि क्रॉफिश हे गोड्या पाण्यातले झिंगे राहतात. यांना खाणारा बासही मग तिथेच दबा धरून बसतो. ज्यांनी गावाकडच्या तळ्यात मरळ गरवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पानांच्या सावलीत निश्चल पडून राहायचं आणि टप्प्यात आलेल्या सावजावर झेप घ्यायची, ही सवय दोघांची सारखीच. (मरळीच्या अख्ख्या कुळाला मिशिगनमध्ये कायद्याने बंदी आहे, जिवंत बाळगणंसुद्धा गुन्हा. तेव्हा ती हौस बासवरच भागवायची.)

दोन बास, दोन स्वभाव

इथे बास म्हणजे दोन मासे. लार्जमाउथ हिरवट असतो, त्याच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळपट पट्टा जातो आणि जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे येतं. स्मॉलमाउथ तपकिरी, अंगावर उभे पट्टे, डोळे बहुधा लालसर, आणि जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. पहिल्याला गवत, कमळाची पानं, चिखलाचा तळ आणि कोमट पाणी आवडतं. दुसऱ्याला दगडगोटे, वाळू आणि स्वच्छ, थंड पाणी. सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीतल्या, तळ्यात मिळाला तर तो लार्जमाउथच असणार. लेक सेंट क्लेअरच्या किंवा डेट्रॉइटमधल्या बेल आइल बेटाच्या दगडी काठावर स्मॉलमाउथची शक्यता जास्त.

आकाराबद्दल आधीच अपेक्षा आवरून ठेवा. लार्जमाउथचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा आहे. तो जॉर्ज पेरीने 1932 मध्ये दक्षिणेकडच्या जॉर्जियात केला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तळ्यात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. मिशिगनचा विक्रम 11.94 पौंडांचा, तोही 1934 मधला. इथे वर्षातले चार-पाच महिने पाणी इतकं गार असतं की मासा जेमतेम खातो आणि जवळजवळ वाढत नाही. चौदा इंचांचा बास म्हणजे सहज पाच-सहा वर्षांचा जीव. दोन पौंडांचा मासा लागला तर तो चांगला मासा आहे, आणि तीन-चार पौंडांचा लागला तर फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही.

आधी कागदपत्रं

सतरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, मासा सोडून देणार असलात तरीही. ते राज्याच्या डीएनआरच्या, म्हणजे नैसर्गिक संसाधन खात्याच्या, संकेतस्थळावर किंवा ॲपवर मिळतं आणि 31 मार्चपर्यंत चालतं. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या बाबांच्या हातात रॉड द्यायचा असेल तर त्यांचं एक दिवसाचं लायसन्स काढा. मुलाला लायसन्स लागत नाही, पण त्याच्या हाताला हात लावून मासा ओढायला मदत करणाऱ्या मोठ्या माणसाला लागतं. वर्षातून दोन शनिवार-रविवार, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये, लायसन्सची अट नसते. नवख्या पाहुण्यांना नेण्यासाठी जूनचा मुहूर्त उत्तम.

बास पकडून लगेच सोडायला मिशिगनमध्ये वर्षभर परवानगी आहे. घरी न्यायचा असेल तर बहुतेक पाण्यांवर मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारपासून 31 डिसेंबरपर्यंतचा काळ, किमान लांबी 14 इंच, आणि दोन्ही जातींचे मिळून दिवसाला 5. लेक सेंट क्लेअरसारख्या काही पाण्यांचे नियम वेगळे आहेत. सीमा ओलांडून ओंटारिओत गेलात तर तिथली गणितं आणखी निराळी, दक्षिण भागात बासचा हंगामच जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका फोनवर उतरवून ठेवा.

जागेचाही प्रश्न असतो. तळं दिसलं म्हणजे त्याचा काठ सगळ्यांचा, असं नाही. इथल्या आतल्या तळ्यांचे काठ बहुतांशी खासगी घरांच्या मालकीचे आहेत. केन्सिंग्टन मेट्रोपार्कचं केंट लेक, स्टोनी क्रीक मेट्रोपार्कचं तळं, मेबरी स्टेट पार्कमधलं छोटं तळं, आयलंड लेक रिक्रिएशन एरिया अशा ठिकाणी निर्धास्त उभं राहता येतं. आपल्या सबडिव्हिजनच्या तळ्यावर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, परवानगी आहे का ते आधी विचारा. ही तळी छोटी असली तरी त्यांत बास चांगले असतात. पाच दहा मिनिटांत पायी पोचता येतं हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण, कारण संध्याकाळचा कॉल संपल्यावर उरलेल्या तासाभरात जमण्यासारखं ते एकच आहे.

सामान: कमीत कमी

दुकानातली ल्युअरची, म्हणजे नकली आमिषांची, भिंत बघून डोळे फिरतात. बरीचशी रंगरंगोटी माशांपेक्षा माणसांना गळाला लावायला असते, असं माझं मत. सुरुवातीला एवढंच घ्या:

- साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम पॉवर आणि फास्ट ॲक्शनचा (मध्यम ताकदीचा, टोकाशीच वाकणारा) स्पिनिंग रॉड, त्यावर 2500 मापाचं रील. जोडी म्हणून घेतली की स्वस्त पडते.
- 8 किंवा 10 पौंडांची साधी मोनो (एकपदरी नायलॉनची) लाइन. हात बसला की 15 पौंडांची ब्रेड (विणलेली लाइन) आणि तिच्या पुढे हुकापर्यंत 10 पौंडांची फ्लुरोकार्बनची (पाण्यात कमी दिसणारी) दोन-तीन हात लीडर.
- पाच इंची रबरी किडे, सेन्को किंवा तशाच घडणीचे, एक पाकीट हिरवट-तपकिरी आणि एक काळं-निळं. सोबत 1/0 चे वॅकी हुक, 3/0 चे ऑफसेट हुक आणि किड्याच्या कमरेत बसणाऱ्या रबरी रिंगा.
- पाव औंसाचा एक पांढरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष), एक पॉपर (पाण्यावर तरंगणारं, टपकन आवाज करणारं आमिष).
- लांब नाकाची पक्कड, लाइन कापायला कात्री, आणि पोलराइज्ड गॉगल.

या यादीतला गॉगल चैनीचा नाही. पाण्यावरची चकाकी गेली की गवताच्या कडा, बुडालेलं झाड, कधी कधी प्रत्यक्ष मासाही दिसतो. न दिसणाऱ्या पाण्यात शंभर वेळा फेकण्यापेक्षा दिसणाऱ्या झाडाजवळ दहा वेळा फेकणं बरं.

गाठ एकच शिका, पालोमार. लाइनचं टोक वीतभर दुमडून दुहेरी करा. तो दुहेरी फास हुकाच्या डोळ्यातून ओवा. हुक मध्ये लोंबकळत ठेवून फासाची साधी सैल गाठ मारा. मग फासाचं तोंड हुकावरून पलीकडे काढा, गाठ थुंकीने ओली करा आणि दोन्ही बाजूंनी सावकाश ओढून घ्या. कोरडी ओढली तर घर्षणाने लाइन तिथेच कमजोर होते आणि मोठा मासा नेमका तिथूनच तोडून जातो.

काठ वाचायचा कसा

पाण्याशी पोचल्यावर कडेला जाऊन उभं राहू नका. दहा फूट मागेच थांबा. बासला पावलांची धमक शरीराच्या कडेवरून गेलेल्या संवेदनरेषेतून कळते आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर हललेली सावलीही दिसते. पहिला फेक पाण्याच्या कडेला समांतर, डावीकडे. दुसरा समांतर, उजवीकडे. त्यानंतर पंखा उघडावा तसे थोडे थोडे आत. समोरचं खोल पाणी सगळ्यात शेवटी. असं केलं की गळ बराच वेळ माशांच्या पट्ट्यातून फिरतो. सरळ समोर फेकला तर कामाच्या पाण्यात तो शेवटच्या दहा फुटांपुरताच असतो, आणि तोवर आपण घाईघाईने गुंडाळायला लागलेलो असतो.

थांबण्यासारख्या जागा म्हणजे पाण्यात पडलेलं झाड, लाकडी धक्क्याची सावली, रस्त्याखालून येणाऱ्या पाइपाचं तोंड, पुलाचे दगड, गवताच्या भिंतीतली खाच, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. सपाट, एकसारखा दिसणारा काठ असेल तर जिथे काही बदलतंय ती जागा शोधा. गवत संपून वाळू लागते ती रेघ किंवा दगड संपून चिखल सुरू होतो तो कोपरा. एका जागी दहा-बारा फेकांत काही झालं नाही तर पुढे चला. खुर्ची टाकून बसायचं असेल तर ब्लूगिल आणि गांडूळ आहेतच, तोही आनंद मोठा आहे, पण बास चालणाऱ्याला मिळतो.

वॅकी रिग: हे एक जमलं तरी पुरे

रबरी किड्याच्या बरोबर मध्यावर रिंग चढवा आणि रिंगेखालून हुक आडवा घाला. किडा हुकावर दोन्ही बाजूंना लोंबतो आणि दिसायला अगदीच बावळट दिसतो. वजन वेगळं लावायचं नाही, किड्यातच मीठ मिसळलेलं असतं, तो आपल्या भाराने बुडतो.

लक्ष्याच्या दोन हात पलीकडे फेका. किडा पाण्याला टेकला की लगेच लाइन ताणू नका. ताणली तर तो झोक्यासारखा आपल्याकडे झुलत येतो, आणि आपल्याला तो जागच्या जागी सरळ खाली जायला हवाय. लाइन किंचित सैल ठेवा. खाली जाताना किड्याची दोन्ही टोकं थरथरत असतात, आणि ते करायला आपल्याला बोटही हलवावं लागत नाही.

आता नजर रॉडच्या टोकावर ठेवायची नाही, लाइन पाण्यात शिरते त्या ठिपक्यावर ठेवायची. बहुतेक चावे याच पहिल्या पडण्यात येतात आणि हाताला त्यातले अर्धे कळतही नाहीत. बास तोंड उघडून पाण्यासकट किडा आत ओढतो. वर दिसतं ते एवढंच: लाइन टिचकी मारल्यासारखी एकदा उडते, किंवा बुडता बुडता मधेच थांबते, किंवा काहीही कारण नसताना बाजूला सरकायला लागते. यातलं काहीही दिसलं की आधी सैल लाइन गुंडाळा, वजन जाणवलं की रॉड बाजूला दमदारपणे ओढा. हुकाची तार बारीक असते, टीव्हीत दाखवतात तसा हिसका मारायची गरज नाही.

काहीच झालं नाही तर किडा तळाला टेकू द्या. मनात सावकाश दहा आकडे मोजा. रॉड दोन-तीन फूट वर उचला, पुन्हा सैल सोडा. असं दोनदा केलं की गुंडाळून नवीन जागी फेका. बहुतेक नवशिक्यांचा वेग इथे दुप्पट असतो. अगदी कंटाळा येईल इतकं सावकाश करा, तोच बरोबर वेग.

गवत दाट असेल तर वॅकीचा उघडा हुक दर फेकीला शेवाळाची जुडी घेऊन येतो. तिथे टेक्सास रिग. ऑफसेट हुकाचं टोक किड्याच्या तोंडातून पाव इंच आत घाला, बाजूने बाहेर काढा, किडा हुकाच्या वळणापर्यंत सरकवा, हुक फिरवा. मग हुक किड्याला लावून बघा टोक कुठे येतं ते, तिथेच अंगातून आरपार काढा आणि अगदी टोक तेवढं कातडीखाली लपवा. किडा सरळ राहिला पाहिजे. मधे कुबड आलं तर पाण्यात तो गरगरतो आणि लाइनला पीळ बसतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. वारा सुटून पाण्यावर लाटा आल्या की स्पिनरबेट समांतर फेकून मध्यम वेगाने ओढा. वारा ज्या काठावर आपटतो तोच काठ निवडा, बारीक जीव तिकडे लोटले जातात. पहाटे आणि सूर्य मावळताना पाणी आरशासारखं असेल तर पॉपर. एकदा टपकवा, वलयं विरेपर्यंत थांबा, पुन्हा टपकवा. दगडी काठावर स्मॉलमाउथसाठी नेड रिग, म्हणजे मशरूमच्या आकाराचं छोटं डोकं आणि अडीच-तीन इंची किड्याचा तुकडा, तळाशी ओढत. कमळाच्या पानांवर पोकळ रबरी बेडूक भन्नाट चालतो, पण त्याला जाड ब्रेड आणि ताठ रॉड लागतो. शिवाय पानांतून पाणी फुटलं की लगेच ओढायचं नसतं, वजन हाताला लागेपर्यंत थांबावं लागतं. मरळीवर बेडूक वापरलेल्यांना ही कळ सोसायची सवय असते.

वर्ष कसं फिरतं

दक्षिण मिशिगनमध्ये बर्फ साधारण मार्चमध्ये जातो. त्यानंतर तळ्याचा उत्तर काठ आधी तापतो, कारण दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर पडतं आणि गार उत्तरेच्या वाऱ्यापासून तो आडोशाला असतो. काळ्या चिखलाचे उथळ कोपरे त्याहूनही लवकर. एप्रिलमध्ये दुपारी दोन ते पाच ही वेळ पहाटेपेक्षा चांगली. उन्हाळ्यातल्या सवयीने पाचला उठून गेलात तर नुसते गारठाल.

मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, पाणी साधारण 60 ते 65 फॅरनहाइट झालं की, विणीचा काळ. काठालगत ताटाएवढ्या, स्वच्छ केलेल्या गोल जागा दिसतील आणि त्यावर एक मासा घिरट्या घालत असेल. तो नर. अंडी आणि नंतर पिल्लं तोच राखतो. तो गळावर चटकन येतो, पण खायला नाही, हुसकवायला. त्याला वर काढून फोटो काढेपर्यंत ब्लूगिल घरट्यावर तुटून पडतात. कायदा पकडून सोडायला परवानगी देतो. मी घरट्यावर गळ टाकत नाही. आणखी पाच पावलं चाललं की दुसरं पाणी आहेच.

जूनमध्ये एक गंमत होते, तिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही. ब्लूगिलची वीण सुरू होते. त्यांची घरटी एकटी नसतात, उथळ तळावर खड्ड्यांची वसाहतच असते. बास तिच्या बाहेरच्या कडेला, खोल बाजूला गस्त घालतात. वसाहत दिसली की मधे टाकू नका, कडेने समांतर न्या.

जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी काठ मंदावतो, पण मरत नाही. सावली असेल तिथे मासा असतो, धक्क्याखाली, झुकलेल्या झाडाखाली, गवताच्या गच्च छताखाली. पहाटेचे दोन तास आणि दिवेलागणीची वेळ मात्र सोन्याची. तेव्हाच डासही निघतात, आणि उंच गवतातून चालताना गोचीड. लाइम आजार ती पसरवते, म्हणून मोजे पँटवर ओढून घ्या आणि घरी आल्यावर पायांच्या सांध्यांमागे तपासा. तीन-तीन पानांची चकचकीत वेल काठाच्या झाडांवर दिसली तर ती पॉइझन आयव्ही, हात लावू नका.

सप्टेंबरअखेर मला सगळ्यात आवडतो. बोटी कमी, मुलं शाळेत, मासे हिवाळ्यासाठी खात सुटलेले. मधे काही दिवस सगळं अचानक थंड पडतं. वरचं पाणी गार होऊन जड झालं की खाली जातं आणि अख्खं तळं ढवळलं जातं. तेवढे दिवस छोट्या तळ्यांवर किंवा नदीवर काढा. नंतर वनस्पती मरायला लागतात. तपकिरी झालेल्या गवतात वेळ घालवू नका, अजून हिरवा असलेला पट्टा शोधा, मासे तिथे गोळा झालेले असतात.

मासा हातात आल्यावर

काठावरून मासा ओढून कोरड्या मातीवर आपटवणं बघवत नाही. पाण्याच्या कडेला या, हात ओले करा, अंगठा त्याच्या खालच्या ओठावर ठेवून चिमटीत धरा. बासचे दात सॅंडपेपरसारखे असतात, चावत नाहीत. छोटा मासा असा उभा धरला तर चालतो. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. ओठाला धरून आडवा वाकवून फोटो काढला की जबडा निखळू शकतो, मग तो पाण्यात गेला तरी खाऊ शकत नाही.

हुक पक्कडीने, ज्या दिशेने शिरला त्याच्या उलट फिरवून काढा. घशात खोल गेला असेल तर ओढाताण करू नका, लाइन जवळून कापा. काट्यावरची उलटी अणी पक्कडीने आधीच चेपून ठेवली तर हे सगळं दोन सेकंदांत होतं, आणि आपल्या बोटात घुसला तरी इमर्जन्सी रूम गाठावी लागत नाही.

खायचं का? प्रश्न आपल्या घरात येतोच. चव सौम्य, काटे बेताचे, हळद-तिखट लावून तव्यावर वाईट लागत नाही. पण आधी पाणी कुठलं ते बघा. केंट लेक ह्युरॉन नदीवर आहे, आणि 2018 मध्ये या नदीतल्या माशांत पीएफएएस रसायनं सापडल्यावर राज्याने तिथले मासे खाऊ नका असा इशारा दिला. राज्याच्या आरोग्य खात्याची ईट सेफ फिश मार्गदर्शिका तळ्यागणिक आणि माशागणिक किती खावं ते सांगते, ती बघितल्याशिवाय काही शिजवू नका. सबडिव्हिजनच्या तळ्यात शेवाळ मारायला औषधं टाकलेली असतात, तिथला मासा सोडूनच द्या. खाण्यासाठी ब्लूगिल केव्हाही सरस, आणि त्याची वीणही भरपूर होते.

एका तळ्यातला मासा, पाणी किंवा उरलेलं आमिष दुसऱ्या तळ्यात टाकणं कायद्यानेही चूक आहे. झेब्रा शिंपले आणि परदेशी गवत असंच पसरलं. तुटलेली लाइन खिशात घाला, पार्कमध्ये त्यासाठी नळीसारख्या पेट्या असतात. पाय अडकलेले बगळे आणि बदकं सोडवणारे लोक तुमचं नाव घेणार नाहीत.

नोव्हेंबरात पाणी पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेलं की एखादा जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी चालवायचं माशाच्या आकाराचं आमिष, दोन झटके देऊन दहा सेकंद तसाच सोडून बघा, मासे कमी पण मोठे लागतात. कडेला बर्फ धरायला लागला की रॉड घरात आणा, रील पुसा, आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक, पूर्ण सैल करून ठेवा. घट्ट ठेवला तर आतले वॉशर हिवाळाभर दबून बसतात आणि एप्रिलमधल्या पहिल्या चांगल्या माशाला लाइन सुटत नाही.